पहिल्यांदाच ‘बाल्टो’ दाखवताय? आधी काय सांगायचं, नंतर काय करायचं

“मावशी, घटसर्प म्हणजे कुठला साप गं?”

भाचीने हे विचारलं तेव्हा सिनेमा सुरू होऊन बराच वेळ झाला होता आणि मी लाह्यांचं पातेलं मांडीवर घेऊन निवांत बसले होते. पडद्यावर कुणीतरी ‘डिप्थीरिया’ म्हणालं, मी शेजारून मोठ्या हुशारीने मराठी शब्द सांगितला, आणि पोरगी उरलेला सिनेमाभर बर्फात साप शोधत बसली. शेवटी सगळं गाव आनंदाने नाचतंय आणि ही रुसलेली: “साप आलाच नाही!”

त्यानंतर मी हा सिनेमा मुलांच्या तीन-चार तुकड्यांना दाखवला. आमच्या बिल्डिंगमधली, बहिणीकडची, एकदा सुट्टीत गावाकडची. दर वेळी काहीतरी चुकलं आणि दर वेळी थोडं शहाणपण आलं. तुम्ही पहिल्यांदाच दाखवणार असाल तर माझ्या चुका तुम्ही परत करायचं कारण नाही.

पायरी १ : बरोबर सिनेमा निवडा

‘बाल्टो’ हा बर्फाळ गावात औषध आणणाऱ्या एका कुत्र्याचा कार्टून सिनेमा, १९९५चा आहे. दिग्दर्शक सायमन वेल्स. स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या लंडनमधल्या ‘ॲम्ब्लिमेशन’ या स्टुडिओने तो जुन्या पद्धतीने, हाताने चित्रं काढून केला. याच नावाचे आणखी दोन भाग नंतर थेट घरगुती व्हिडिओसाठी निघाले. शोधताना तेही समोर येतात, म्हणून साल बघूनच लावा. ते दोन भाग नाही बघितले तरी काही बिघडत नाही.

कुठल्या ॲपवर मिळेल हे मी सांगत नाही, कारण ते सारखं बदलतं. मुलांना जमवून, सतरंजी अंथरून मग शोधायला बसू नका. आदल्या रात्री स्वतः पाच मिनिटं चालवून बघा, सबटायटल्स येतात का तेही बघा. संवाद इंग्रजी आहेत. एक गलेलठ्ठ हंस, बोरिस त्याचं नाव, तो तर रशियन हेल काढून इंग्रजी बोलतो. (अलास्का १८६७पर्यंत रशियाच्या ताब्यात होतं, म्हणून असावा हा हेल. आवाज बॉब हॉस्किन्सचा आहे.) सात-आठ वर्षांच्या खालच्या मुलांना शेजारी बसून थोडं थोडं मराठीत सांगत राहावं लागतं. सगळं सांगू नका. धावण्याच्या आणि भांडणाच्या जागी चित्रच पुरेसं बोलतं.

लांबी ७८ मिनिटांच्या आसपास आहे. मध्यंतर नाही, पण अस्वलाचा प्रसंग संपला की थांबवून पाणी-शूची सुट्टी द्यावी. तशीही त्या प्रसंगानंतर दोघा-तिघांना लागतेच.

पायरी २ : तीनच गोष्टी आधी सांगा

पहिली अर्थातच घटसर्प. साप नाही, आजार आहे, हे आधीच स्पष्ट करा. घशात जंतू शिरतात, तिथे राखाडी पांढरट पापुद्रा धरतो, श्वास अडकतो. जंतूंचं विष रक्तात पसरलं तर हृदयावरही घाला घालतं. लहान मुलांना हा आजार फार व्हायचा. आता आपल्याकडे बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची जी लस देतात, आणि पुढे दीड वर्षाला आणि पाच वर्षांनी त्रिगुणीचा जो डोस देतात, त्यात घटसर्पावरची लस असते. मुलाचं लसीकरणाचं कार्ड घरात असेल तर काढून समोर ठेवा. “ही बघ, तुझी टोचणी” म्हटलं की त्यांचे डोळे चमकतात. सिनेमातल्या मुलीला जे संरक्षण नव्हतं ते आपल्याला आधीच मिळालंय, ही गोष्ट त्यांना फार आवडते. आणि ज्याचं पाच वर्षांचं टोचून घ्यायचं राहिलंय ते पालकांच्याही लक्षात येतं. आमच्या बिल्डिंगमधल्या एका आईच्या खरंच आलं.

दुसरी गोष्ट नोम. अलास्काच्या पश्चिम किनाऱ्यावरचं छोटं गाव. हिवाळ्यात समुद्र गोठतो, बोटी बंद. रेल्वे तिथपर्यंत नाहीच. १९२५ साली विमानं होती, पण उघड्या बैठकीची, त्या थंडीत बेभरवशाची. राहिले कुत्रे. हे नकाशावर बोटाने दाखवा. पृथ्वीचा गोल असेल तर उत्तमच.

तिसरी गोष्ट म्हणजे म्होरक्या. स्लेज म्हणजे बर्फावरून घसरत जाणारी गाडी. तिला कुत्रे जोडीजोडीने जुंपलेले असतात. सगळ्यात पुढे म्होरक्या, तो वाट काढतो आणि हाकणाऱ्याचे हुकूम ऐकतो: ‘जी’ म्हणजे उजवीकडे, ‘हॉ’ म्हणजे डावीकडे. गाडीला लागून असलेली मागची जोडी सगळ्यात दणकट, बैलगाडीच्या धुरेच्या बैलांसारखी, वजन तिच्यावर. हाकणारा मागे उभा. लगाम नसतो, नुसता आवाज. म्हणजे वादळात माणसाला पुढचं दिसेनासं झालं की सगळा भरवसा म्होरक्याच्या नाकावर. एवढं माहीत असलं की सिनेमातलं ‘म्होरक्या कोण होणार’ हे भांडण मुलांना नीट कळतं.

बस. याहून जास्त काही सांगायचं नाही. खरा इतिहास तर अजिबातच नाही. ही चूक मी दुसऱ्या तुकडीच्या वेळी केली. आधीच सगळं सांगून टाकलं आणि मग एक शहाणा मुलगा दर दोन मिनिटांनी “हे खोटंय, हे पण खोटंय” करत राहिला. बाकीच्यांचा विरस झाला, माझाही.

पायरी ३ : घाबरायच्या जागा ओळखून ठेवा

अमेरिकेत हा सिनेमा सगळ्या वयांसाठी म्हणून प्रमाणित झाला. माझ्या मते पाच वर्षांपासून पुढे, आणि सोबत मोठं माणूस. तीन जागा जड जातात. प्रचंड अस्वल अंगावर येतं आणि झटापट गोठलेल्या पाण्यावर जाते, तो सगळ्यात भीतीदायक प्रसंग. मग कड्याच्या टोकावर बाल्टो आणि स्टील यांची मारामारी. स्टील हा गावातला दुसरा कुत्रा, गल्लीतला दादा समजा: दिसायला रुबाबदार, सगळ्यांचा लाडका, आतून खोटा. तिसरी जागा गुहेतली, वरून बर्फाचे सुळके कोसळतात. या तिन्ही ठिकाणी मी नुसतं “पुढे काय होतं बघ” म्हणते आणि जवळ ओढून घेते. गावाकडच्या मुलांना यातलं काहीच भीतीदायक वाटलं नाही, हेही सांगते. त्यांना आजारी मुलीचा खोकलाच जास्त लागला.

आणखी एक. सुरुवातीला कार्टून दिसत नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात खरीखुरी आजी, तिची नात आणि त्यांचा कुत्रा फिरताना दिसतात. मुलं ओरडतात, “चुकीचा लागलाय!” लागलेला नसतो. थांबा जरा. ती आजी शेवटी परत येते. ती कोण, हे मी इथेही लिहिणार नाही.

पायरी ४ : बघताना काय बघायचं

गोष्ट सरळ आहे. बाल्टो अर्धा कुत्रा, अर्धा लांडगा. गावकुसाबाहेर एका मोडक्या जहाजात राहतो. कुत्रे त्याला आपला मानत नाहीत, माणसं जवळ येऊ देत नाहीत. गावातली मुलं आजारी पडतात, त्यात रोझी नावाची लहान मुलगीही. औषध आणायला गेलेली स्लेज वादळात हरवते आणि ती शोधायला हा निघतो. पुढचं काय होणार ते तुम्हीही ओळखाल. मुलंही ओळखतात, पण त्याने काही अडत नाही.

मला यातला सगळ्यात सुंदर प्रसंग काचेचा वाटतो. बाल्टो जेनाला, म्हणजे रोझीच्या कुत्रीला, एका तळघरासारख्या जागी नेतो, फुटक्या बाटल्यांच्या रंगीत काचा जरा हलवतो, दिव्याचा उजेड त्यातून जातो आणि भिंतीवर हिरवे-निळे पट्टे लाटांसारखे हलायला लागतात. ध्रुवीय प्रकाश, कचऱ्यातून केलेला. इथे बोलू नका. नंतर बराच वेळाने या काचा पुन्हा कामाला येतात, आणि मुलाने ते आपणहून ओळखलं तर ते श्रेय त्याचं असू द्या. दुसऱ्या दिवशी घरात टॉर्च आणि सरबताची हिरवी बाटली घेऊन अंधाऱ्या खोलीत हा खेळ होतोच. बाटली अख्खी द्या, काचा नकोत.

संगीत जेम्स हॉर्नर यांचं आहे. दोनच वर्षांनी ‘टायटॅनिक’मुळे त्यांचं नाव घरोघरी गेलं. बाल्टो दरीतून औषधाची पेटी वर ओढतो, तिथलं संगीत डोळे मिटून ऐकण्यासारखं आहे. मी एकदा मिटले, तर भाची म्हणाली, “मावशी झोपली.”

हा सिनेमा चित्रपटगृहात चालला नाही. त्याच्या महिनाभर आधी संगणकावर केलेली ‘टॉय स्टोरी’ आली होती, सगळी गर्दी तिकडे. अमेरिकेत याने जेमतेम १ कोटी १० लाख डॉलरच्या आसपास गल्ला जमवला. ॲम्ब्लिमेशनचा हा तिसरा आणि शेवटचा सिनेमा ठरला. त्याला खरं प्रेम मिळालं ते नंतर, व्हिडिओ कॅसेटवर, घराघरात.

पायरी ५ : खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी सांगा

त्याच रात्री नाही. त्या रात्री बाल्टोला हिरो राहू द्या. दुसऱ्या दिवशी जेवताना विचारा, “एवढा लांबचा रस्ता एकाच गाडीने कापला असेल का रे?”

नाही कापला. जानेवारी १९२५मध्ये नोममध्ये घटसर्प पसरला. डॉक्टर एकच, कर्टिस वेल्च. त्यांच्याकडचं घटसर्पाचं औषध जुनं, मुदत संपलेलं. (हे औषध घोड्याच्या रक्तातून करत. मुंबईच्या हाफकिन संस्थेत सर्पदंशावरचं औषध करतात ते तसंच. त्यामुळे भाचीचा साप अगदीच चुकीच्या घरात शिरला नव्हता.) अँकरेजच्या इस्पितळात ३ लाख युनिट औषध सापडलं. ते रेल्वेने नेनानापर्यंत आलं. तिथून नोम ६७४ मैल, म्हणजे जवळजवळ १,०८५ किलोमीटर. मुंबई-नागपूर रेल्वेने साधारण ८४० किलोमीटर आहे, त्यावरून अंदाज करा. टपालाच्या स्लेजला या वाटेवर साधारण २५ दिवस लागायचे. हे औषध साडेपाच दिवसांच्या आत पोहोचलं.

कसं? २० माणसं आणि सुमारे १५० कुत्रे, टप्प्याटप्प्याने. एकाने आणायचं, पुढच्याच्या हाती द्यायचं. यातल्या निम्म्याहून जास्त जणांची नावं सिनेमा बघणाऱ्या कुणालाच माहीत नसतात. पहिला ‘वाइल्ड बिल’ शॅनन. उणे ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास थंडी, त्याचा चेहरा हिमदंशाने काळा पडला. त्याच्या पुढे एडगर कॅलंड. तो मुक्कामी पोहोचला तेव्हा त्याचे हात स्लेजच्या दांडीला गोठून चिकटले होते, आणि सोडवायला त्यावर गरम पाणी ओतावं लागलं असं सांगतात. चार्ली इव्हान्सचे पुढचे दोन कुत्रे थंडीने कोसळले. त्याने त्यांच्या जागी स्वतःला जुंपून घेतलं आणि गाडी ओढली. हे मुलांना सांगताना माझा आवाज दर वेळी बदलतो. हाकणाऱ्यांत बरेच जण अलास्काचे मूळ रहिवासी होते. बातम्यांत त्यांची नावं क्वचितच आली.

मग लिओनार्ड सेपाला आणि त्याचा म्होरक्या टोगो. वय बारा, म्हणजे कुत्र्यांत आजोबाच. सेपालाची एकुलती एक मुलगी नोममध्येच होती, तिलाही धोका होता. हे दोघं नोमहून उलट दिशेने निघाले, औषध वाटेत गाठलं आणि परत फिरले. परतीत नॉर्टन खाडीचा गोठलेला समुद्र ओलांडला. खाली पाणी, वर तडकणारा बर्फ, समोर वादळ. जाऊन-येऊन सगळं मिळून ४०० किलोमीटरच्या वर. बाकी कुणाचाच टप्पा याच्या जवळपास नव्हता.

बाल्टो शेवटच्या टप्प्यात आला. त्याला हाकणारा गुन्नर कासेन. सेपालाने बाल्टोला मागे ठेवलं होतं, हा माल ओढायचा कुत्रा म्हणून. कासेनने त्याला पुढे लावलं. वादळात एकदा स्लेज उलटली, औषधाची पेटी बर्फात पडली, कासेनने हातमोजे काढून उघड्या हातांनी चाचपडत ती शोधली. शेवटच्या थांब्यावरचा माणूस झोपलेला, म्हणून हे न थांबता पुढेच गेले. २ फेब्रुवारी १९२५ला पहाटे साडेपाचच्या सुमारास नोम. औषध गोठलेलं होतं, पण वितळवून वापरता आलं.

इथे मी मुलांना शिवज्योतीची आठवण करून देते. आमच्याकडची पोरं शिवजयंतीला पन्हाळ्याहून ज्योत आणतात. रात्रभर पळत, मागे टेम्पो, थोड्या थोड्या अंतराने हात बदलत. माझा मावसभाऊ एका वर्षी मध्यरात्री दोन वाजता, अनवाणी, भर थंडीत सगळ्यात लांबचा तुकडा पळाला. सकाळी वेशीवर ज्योत ज्याच्या हातात होती त्याच्यावर गुलाल पडला, हार पडला, फ्लेक्सवर फोटो त्याचा. तोही पळालाच होता की, त्याचं काही खोटं नव्हतं. पण मावसभाऊ टेम्पोत पायाला खोबरेल लावत बसला होता.

बाल्टोच्या हातात ज्योत वेशीवर होती. त्याच वर्षी, १७ डिसेंबर १९२५ला, सेंट्रल पार्कात त्याचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला, अनावरणाला तो स्वतः हजर. न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे राहणारी आपली मंडळी हा पुतळा जाऊन बघू शकतात. पूर्व ६७व्या रस्त्याच्या बाजूने आत शिरलं की सापडतो. पाठ चकचकीत दिसली तर नवल नको, वर्षानुवर्षं मुलं त्यावर चढून बसतात.

पुतळ्यानंतर मात्र त्याचे वाईट दिवस आले. नाटकमंडळ्यांतून फिरवलं, मग लॉस एंजेलिसमधल्या एका तिकीट लावून खेळ दाखवणाऱ्या जागी तो आणि त्याचे सहा सोबती हाल काढत होते. जॉर्ज किंबल नावाच्या क्लीव्हलँडच्या व्यापाऱ्याने ते पाहिलं. शहराने वर्गणी काढली, शाळकरी मुलांनी खाऊचे पैसे दिले, आणि मार्च १९२७मध्ये सगळे कुत्रे क्लीव्हलँडला आले, तिथल्या प्राणिसंग्रहालयात. १९३३मध्ये बाल्टो गेला. पेंढा भरून ठेवलेलं त्याचं शरीर क्लीव्हलँडच्या निसर्ग इतिहास संग्रहालयात आहे. मूळचा काळा रंग उजेडाने तपकिरी झालाय. हा भाग सिनेमात नाही. असायला हवा होता असं मला वाटतं, पण मग तो मुलांचा सिनेमा राहिला नसता.

आणि लांडगा? त्याच्या कातड्याच्या तुकड्यातून काढलेल्या डीएनएचा अभ्यास २०२३मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. लांडग्याचा अंश सापडला नाही. संपूर्ण कुत्रा होता. हे ऐकून भाची थोडी खट्टू झाली.

पायरी ६ : “आपण हस्की आणू या”

हे येणारच. उत्तर तयार ठेवा, आणि ते ‘नाही’ असू द्या. हस्की म्हणजे बाल्टोसारखा स्लेज ओढणारा कुत्रा. त्याच्या अंगावर लोकरीचे दोन थर असतात, तो जन्माला आलाय बर्फात मैलोन् मैल धावायला. मे महिन्यातल्या पुण्यात किंवा नागपुरात, दोन खोल्यांत, एसी लावून त्याला ठेवणं म्हणजे त्याला आयुष्यभर शिक्षा. कुणी म्हणेल, केस भादरून टाकू. तेही करू नका, तीच लोकर त्याला उन्हापासूनही थोडंफार वाचवते. खरंच कुत्रा हवा असेल तर गल्लीतलं पिल्लू घ्या. आपल्या हवेतलं, आपल्या अन्नावर वाढणारं.

पायरी ७ : बर्फाचा डबा

सिनेमा बसून बघून झाला, आता पळवा. एक स्टीलचा डबा, त्यात बर्फाचे चार खडे, डब्याला जुन्या गोधडीचा तुकडा किंवा टॉवेल गुंडाळा. नोमला औषध गोठू नये म्हणून गुंडाळलं होतं, आपण वितळू नये म्हणून गुंडाळायचं. बिल्डिंगचे जिने, आवार, गच्ची असा रस्ता आखा आणि मुलांना वाटेत टप्प्याटप्प्यावर उभं करा. कमीत कमी आठ तरी मुलं हवीत. डबा हातातून हातात, खाली ठेवायचा नाही, पडला तर ज्याने पाडला त्यानेच उचलायचा. शेवटी गच्चीवर ‘डॉक्टर’ उभा, तो डबा उघडून बघणार.

दोन सूचना. जिन्यावर पळायला बंदी करा, फक्त भरभर चालणं. आणि सगळ्यात कठीण टप्पा, आमच्याकडे तो लिफ्टमागचा अंधारा जिना, सगळ्यात लहान मुलाला देऊ नका, कितीही हट्ट केला तरी.

मागच्या वेळी डबा गच्चीवर पोहोचला तेव्हा आत दोन खडे आणि थोडं पाणी होतं. सगळ्यांनी आणून पोचवणाऱ्या मुलाला उचलून घेतलं. अंधाऱ्या जिन्यावरची मुलगी दोन मिनिटांनी धापा टाकत वर आली, तोवर टाळ्या संपल्या होत्या. माझी भाची डबा घेऊन तिच्याकडे गेली आणि उरलेल्या दोन खड्यांतला एक तिच्या हातावर ठेवला.